कशियशला थांबणारी गाडी

आमच्या घरात सहलीची काडी नेहमी आई टाकते आणि मग लांब बसून मजा बघते. गेल्या दिवाळीत आम्ही बांद्याला गेलो होतो. चकल्यांचा डबा पुढे सरकवत ती म्हणाली, "माझे गुडघे चलतत तवसर एकदा सगळ्यांनी मिळान खय तरी लांब जावया." एवढं बोलून ती आत गेली आणि पडवीत रणधुमाळी सुरू झाली.

नवऱ्याने तिथल्या तिथे एका सहल कंपनीची जाहिरात काढून दाखवली. नऊ दिवसांत सहा देश. मी हिशोब केला, दीड दिवसाला एक देश, त्यातला अर्धा वेळ बसमध्ये. लग्नानंतर दोन वर्षांनी आम्ही असल्याच एका सहलीला गेलो होतो. त्यातलं एकच शहर मला नीट आठवतं, कारण तिथे बस बंद पडली होती. त्यामुळे या वेळी माझी अट साधी होती: एकच शहर, दहा दिवस आणि स्वयंपाकघर असलेलं भाड्याचं घर.

कोणतं शहर म्हटल्यावर थोरल्याने क्षणात "लिस्बन" म्हटलं. तो पंधरा वर्षांचा आहे आणि त्याच्या मते जगाचा इतिहास रोनाल्डो लिस्बनच्या स्पोर्टिंग क्लबात आला तेव्हापासून सुरू होतो. धाकटीनेही लिस्बनलाच हात वर केला. तिचं कारण गेंडा, त्याच्याबद्दल पुढे. आतून आईचा आवाज आला, समुद्र आहे ना, मासे मिळतील ना, मग झालं तर. बाबा झोपाळ्यावर बसून ऐकत होते. ते उठले, "लिस्बन? त्या चोरांच्या गावात? तुमी जावा," म्हणाले आणि माडांना पाणी सोडायला निघून गेले.

थोरला त्यांच्या मागे धावला. "आजोबा, तिथला पंतप्रधान मूळचा मडगावचा होता!" हे खरं आहे. आंतोनियो कोश्ता २०१५ ते २०२४ पोर्तुगालचे पंतप्रधान होते, त्यांचे आजोबा मडगावचे आणि त्यांचं घरातलं नाव बाबुश. बाबांनी पाइप खाली न ठेवता विचारलं, "मडगावचो? कोणाचो?" विषय तेवढ्यावरच राहिला.

बांद्यापासून पत्रादेवी फार लांब नाही. आज त्या रस्त्याने गोव्यात शिरताना लोक पुढच्या पंपावर पेट्रोल भरू, एवढाच विचार करतात. १५ ऑगस्ट १९५५ ला तिथे दुसऱ्या देशाची हद्द होती, आणि ती ओलांडणाऱ्या निःशस्त्र सत्याग्रहींवर पोर्तुगीजांनी गोळ्या झाडल्या. बाबा तेव्हा सहा वर्षांचे होते. गोळीबार त्यांनी पाहिलेला नाही. त्यांना आठवतात ती आदल्या रात्री आमच्या पडवीत ओळीने झोपलेली परकी माणसं आणि आजीने चुलीवर चढवलेलं पेजेचं मोठं टोप. सकाळी ती माणसं गेली. त्या संध्याकाळी घरात चूल पेटली नाही. बाबा गोष्ट इथे थांबवतात, आणि आम्हीही कधी पुढे विचारलेलं नाही.

पुण्याला परत आल्यावर नवऱ्याने एक्सेलचा तक्ता उघडला. आपल्या उन्हाळ्याच्या सुट्टीचा आणि युरोपातल्या उन्हाळ्याचा मेळ घालणं म्हणजे पत्रिका जुळवण्यासारखं आहे. एप्रिल-मे मुलांची सुट्टी, पण तेव्हा हापूस. आई हापूस सोडून हलणार नाही. गंमत म्हणजे हापूस हे नावच आफोन्सो द आल्बुकर्कवरून पडलं असं मानतात, त्याच आल्बुकर्कवरून ज्याने १५१० मध्ये गोवा घेतला. म्हणजे आफोन्सोच्या गावी जायचं तर आधी घरातला आफोन्सो संपवायला हवा. मग शाकारणी. मृगाच्या आधी कौलं परतून घ्यावी लागतात आणि माणसं मिळतात मेच्या शेवटी. जूनच्या मध्यावर शाळा उघडणार. हे सगळं वजा केल्यावर उरले ४ ते १४ जून.

आणि नेमके हेच दिवस लिस्बनमध्ये सणाचे निघाले. तिथे १३ जून हा संत आंतोनीचा दिवस. जग त्याला पादुआचा म्हणून ओळखतं, पण जन्म लिस्बनचा, त्यामुळे गाव त्याच्यावरचा हक्क सोडत नाही. १२ च्या रात्री आल्फामा या टेकडीवरच्या जुन्या वस्तीच्या बोळांतून कागदी पताका लागतात आणि दारोदार निखाऱ्यांवर सार्डिन भाजले जातात. मी हे आईला फोनवर सांगितलं. "तारले? रस्त्यार भाजतत?" तिच्या आवाजात जी चमक आली ती मला व्हिसाच्या सगळ्या कागदपत्रांना पुरली. त्या दिवसांत तिथे मांजेरिकू नावाच्या रोपाची कुंडी देतात, वर कागदी फूल आणि चार ओळींची कविता खोचलेली. रोप तुळशीच्याच कुळातलं. त्याला थेट नाक लावायचं नाही, तळहात पानांवरून फिरवायचा आणि हाताचा वास घ्यायचा, असा तिथला रिवाज. आई म्हणाली, "मगे? तुळशीक कोण नाक लावता?"

नवऱ्याची मात्र अडचण. तो देशावरचा, शाकाहारी. मी त्याला काल्दू वेर्द नावाच्या बटाटा-पालेभाजीच्या सूपचा फोटो दाखवला, तो खूश झाला, मग मला वर तरंगणारा सॉसेजचा तुकडा दिसला. भाड्याच्या घरात स्वयंपाकघर हवं हा माझा हट्ट अखेर त्याच्याच कामी येणार आहे. कुकर नेतो आहोत.

तक्त्यातले लाल रकाने भराभर वाढले. सोमवारी जेरोनिमुशचा मठ बंद. १० जूनला राष्ट्रीय सुट्टी, कारण १५८० मध्ये त्या दिवशी कामोंइश हा त्यांचा महाकवी वारला. (हा गृहस्थ गोव्यातही राहून गेला होता.) १३ जूनला शहराचीच सुट्टी. व्हिसाचा अर्ज सहा महिने आधीपासून करता येतो आणि निदान १५ दिवस आधी करावाच लागतो. विमा कमीत कमी ३०,००० युरोंचा हवा. शुल्क मोठ्यांना ९० युरो, सहा ते बारा वर्षांखालच्या मुलांना ४५. बँकेचे कागद, आयकराचे कागद, शाळेचं पत्र. या विषयावर याहून जास्त लिहिण्यात कुणाचंच भलं नाही.

या सगळ्यात धाकटीने फोनवर पोर्तुगीज शिकायला घेतलं, आणि रोज संध्याकाळी तिला एक नातेवाईक सापडू लागला. चावीला तिकडे शाव्ह म्हणतात. बादली म्हणजे बाल्द. कोबी म्हणजे कोव. पाव, बटाटा, काजू, अननस, लिलाव, सगळी तिकडचीच मंडळी. 'पगार' म्हणजे पैसे देणे. "म्हणजे हॉटेलात बिल मागताना पगार म्हणायचं!" तिने जाहीर केलं. खिडकीला जानेला म्हणतात हे तिने आजीला सांगितलं तेव्हा आई हसायलाच लागली. "अगो, आमी जनेलच म्हणतंव!" पुण्यात माझ्या मुलांना जो शब्द आजीचा गावंढळपणा वाटायचा, तो अचानक युरोपियन झाला.

यादी करता करता तिला 'तुरुंग' सापडला. हा शब्दही पोर्तुगीज 'त्रोंकू'वरून आला असं सांगतात. मूळ अर्थ झाडाचं खोड, मग पाय अडकवायचा खोडा. तिने उत्साहाने तो आजोबांना फोनवर सांगितला. बाबा काही बोलले नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता त्यांचा फोन आला. एरवी ते फोन करत नाहीत, आईच्या फोनमध्ये मागून बोलतात. म्हणाले, "माका त्या वास्कोचा थडगा नको नि राजवाडो नको. रानड्यांका खय ठेवलेले, तां दाखवतलस तर येतंय."

मोहन रानडे. हे नाव आमच्या घरात मी लहानपणापासून ऐकत आले, पण त्याचा पत्ता कधी शोधला नव्हता. गोव्यात मराठी शिकवायला गेलेला, गोवामुक्तीसाठी लढणाऱ्या आझाद गोमंतक दलात शिरलेला तरुण. १९५५ मध्ये बेतीच्या पोलीस चौकीवरच्या हल्ल्यात जखमी होऊन पकडला गेला. शिक्षा २६ वर्षांची. पुढे त्यांना पोर्तुगालला हलवलं आणि लिस्बनजवळच्या कशियशच्या किल्ल्यात ठेवलं. १९ डिसेंबर १९६१ ला गोवा मुक्त झाला, रानडे आतच राहिले. ते सुटले जानेवारी १९६९ मध्ये. ज्या मुक्तीसाठी आत गेले ती झाल्यावरही सात वर्षं. त्यांच्या सुटकेसाठी तमिळनाडूचे तेव्हाचे मुख्यमंत्री अण्णादुराई यांनी पोपकडे शब्द टाकला होता. बातमी रेडिओवर लागली तेव्हा बाबा वीस वर्षांचे होते. आजीने त्या दिवशी पेज केली, असं ते म्हणतात. मला हे फार नेमकं जुळलेलं वाटतं, पण मी ते खोडायला जाणार नाही.

नकाशावर कशियश शोधताना मी थबकले. लिस्बनच्या काइश दु सोद्रे स्थानकातून तेजू नदीच्या काठाने एक लोकल निघते, ती कश्काइशच्या समुद्रकिनाऱ्याला जाते. वाटेत बेलेंग स्टेशन. बेलेंग म्हणजे जेरोनिमुशचा मठ, वास्को द गामाची समाधी, गेंड्याचा बुरूज. आणि त्याच रुळावर, थोडंसं पुढे गेलं की कशियश. दोन्ही एकाच लोकलवर, चर्चगेट आणि दादर असावेत तशी. फक्त जलद गाड्या या दोन्ही ठिकाणी थांबत नाहीत; सगळ्या स्टेशनांवर थांबणारी धीमी गाडी पकडायची. हे मुंबईत वाढलेल्या माझ्या नवऱ्याला समजावून सांगावं लागलं नाही.

किल्ला स्टेशनापासून वर चढावर आहे आणि आजही तिथे तुरुंगच आहे. आत जाता येणार नाही. बाबांना हे सांगताना मला वाटलं आता ते बेत मोडतील. ते म्हणाले, "भितूर कोणाक जावचा हा?"

मग मी आणखी वाचलं आणि त्यांना तेही सांगितलं. कशियशमध्ये ठेवलेले बहुतेक लोक पोर्तुगीजच होते. हुकूमशहा सालाझारच्या गुप्त पोलिसांनी उचललेले विद्यार्थी, कामगार, कम्युनिस्ट. २५ एप्रिल १९७४ ला सैन्यानेच ती राजवट उलथवली, लोकांनी बंदुकांच्या नळ्यांत कार्नेशनची फुलं खोचली, आणि पुढच्या रात्री कशियशचे दरवाजे उघडून राजकीय कैदी बाहेर आले. गोवा भारताचा आहे हे पोर्तुगालने मान्य केलं तेसुद्धा त्याच वर्षी, हे सगळं झाल्यावर. फोनवर बराच वेळ नुसता पंख्याचा आवाज येत होता. मग बाबा म्हणाले, "म्हणजे आपल्याच माणसांका पण?" मी हो म्हटलं. त्यानंतर त्यांनी 'चोरांचं गाव' हा शब्द वापरलेला मी ऐकला नाही. माफ केलं असंही नाही. ते आता प्रश्न विचारतात, एवढाच फरक.

त्या प्रश्नांमुळे तक्त्यात आल्जुबचं संग्रहालय आलं. जुन्या कॅथीड्रलच्या शेजारी, पूर्वी राजकीय कैद्यांचा तुरुंग, २०१५ पासून त्याच काळाचं संग्रहालय. सगळे पर्यटक ज्या पिवळ्या २८ नंबरच्या ट्रामसाठी तासभर उभे राहतात, ती त्याच्या दारावरून जाते. बहुतेक जण आत उतरत नसावेत.

बेलेंगच्या दिवसावर मात्र अजून एकमत नाही. धाकटीला फक्त गेंडा हवा. गुजरातच्या सुलतान मुझफ्फर शाहने आल्बुकर्कला एक गेंडा भेट दिला, त्याने तो गोव्याहून जहाजात घालून राजा मानुएलकडे पाठवला आणि २० मे १५१५ ला तो लिस्बनला उतरला. युरोपात हजारएक वर्षांत कुणी जिवंत गेंडा पाहिला नव्हता. राजाने त्याची हत्तीशी झुंज लावली, हत्ती पळून गेला. जर्मनीत बसलेल्या ड्युररने गेंडा न बघता, कुणाच्या तरी पत्रावरून आणि रेखाटनावरून त्याचं चित्र काढलं, अंगावर चिलखताचे पत्रे आणि पाठीवर एक जादा शिंग देऊन. तेच चित्र पुढे पिढ्यान्‌पिढ्या खरं मानलं गेलं. पुढे राजाने गेंडा पोपला पाठवला आणि वाटेत इटलीच्या किनाऱ्याजवळ जहाज बुडालं. त्याच सुमारास उभ्या राहिलेल्या बेलेंगच्या बुरुजावर, वायव्येकडच्या टेहळणीच्या घुमटीखाली, गेंड्याचं दगडी डोकं आहे. झिजून आता ते ओळखू येईलच असं नाही. धाकटी म्हणते, मी ओळखेन. तिच्या वहीत ड्युररच्या गेंड्याच्या शेजारी तिने काढलेला गेंडा आहे, जादा शिंग खोडून.

वास्कोच्या समाधीचं काय करायचं? आमच्यासाठी 'वास्को' म्हणजे आधी रेल्वे स्टेशन, मग माणूस. तो १५२४ मध्ये कोचीला मेला, पुढे त्याचे अवशेष तिकडे नेले, आणि आज मठाच्या चर्चमध्ये एका बाजूला तो, दुसऱ्या बाजूला कामोंइश असे दोघे दगडात निजलेत. मी मुलांना आत नेणार आहे. ते बांधकाम बघायलाच हवं: दगडाचे दोरखंड, शिंपले, समुद्री वनस्पती, खांब माडासारखे वर जाऊन फाकलेले. त्याला पैसा कुठून आला हेही तिथेच उभं राहून सांगायला हवं, मसाल्याचा वास अजून येत असल्यासारखा. बाबा आत येणार नाहीत, हे ठरलेलं.

तर तेवढा वेळ आई-बाबांना कुठे बसवायचं, म्हणून मी जवळची बाग शोधली. पहिली सापडली तिच्या मधोमध आल्बुकर्कचा पुतळा. दुसरी शोधली, तिचं नावच वास्को द गामा बाग. तिसरी अगदी मठासमोर, कारंजं वगैरे, सुरेख. नाव 'साम्राज्याचा चौक'. नदीकडे बघावं तर ५२ मीटर उंच दर्यावर्दी स्मारक, १९६० साली पक्कं बांधलेलं. पुढच्याच वर्षीच्या डिसेंबरात गोवा हातचा गेला. त्या भागात बुड टेकायला राजकारणाविना जागा नाही. शेवटी नवऱ्याने तोडगा काढला: १८३७ पासून चालू असलेलं पास्तेइश द बेलेंगचं दुकान, आत भरपूर खोल्या, निळ्या फरशांच्या भिंती आणि गरम कस्टर्डचे टार्ट. मठातल्या अंड्यांचं पांढरं कपड्यांच्या खळीला जायचं, उरलेल्या पिवळ्याचं काय करायचं यातून ही मिठाई निघाली असं सांगतात. बाबांना गोड चालतं, मधुमेह असूनही. आई बघून घेईल.

राहायचं घर ठरवणं बाकी आहे. लिस्बन टेकड्यांवर बसलेलं, पदपथ पांढऱ्या-काळ्या दगडी तुकड्यांचे, दिसायला रांगोळी आणि पावसात घसरगुंडी. आईच्या गुडघ्यांपायी आल्फामा बाद केलं. सांता जुश्ताची १९०२ ची लोखंडी लिफ्ट खालच्या गावातून सरळ वरच्या कार्मू चौकापर्यंत चढवते, ती चालू असली तर उत्तम. उतारावरची ग्लोरियाची केबल-ट्राम ३ सप्टेंबर २०२५ ला कोसळून १६ माणसं गेली, ते वाचल्यापासून असल्या ट्राम आमच्या तक्त्यात नाहीत. खालच्या सपाट भागात, बायशात, एक घर आवडलंय. तिसरा मजला. लिफ्ट आहे का विचारल्यावर मालकाने कळवलं की पायऱ्या फार सुंदर आहेत.

थोरल्याला तेच घर हवंय, आणि या वेळी कारण रोनाल्डो नाही. १ नोव्हेंबर १७५५ च्या सकाळी लोक सणाच्या प्रार्थनेला चर्चमध्ये जमलेले असताना भूकंप झाला, मग समुद्र आत आला, मग आग लागली. त्यानंतर राजाच्या मंत्र्याने, पोंबालच्या मार्कीने, हा भाग सरळ रेषांत नव्याने बांधून घेतला, भिंतींच्या आत लाकडी कैच्यांचा पिंजरा घालून. पिंजरा टिकतो का हे बघायला नमुना उभा करून त्याच्याभोवती सैनिकांना पाय आपटत फिरवलं म्हणे. थोरला हे सांगताना स्वतः दिवाणखान्यात पाय आपटत फिरला, खालच्या काकूंनी वर फोन केला. कार्मूचं चर्च मात्र तसंच ठेवलंय, छपराविना, कमानी उघड्या आभाळाखाली. त्याच्यासमोरच्या चौकातल्या छावणीत १९७४ ला ती जुनी राजवट शरण आली. चौकात नीलमोहराची झाडं आहेत, आणि जूनच्या सुरुवातीला ती फुललेली असतात. मला स्वतःला या अख्ख्या तक्त्यातून काही मागायचं असेल तर तिथलं एक बाकडं आणि अर्धा तास, कुणी आई किंवा अगो म्हणून हाक न मारता.

परवा बाबांच्या अर्जाचा फोटो काढून झाला. शुल्काचा आकडा बघून म्हणाले, "तेवा हद्द वलांडूक गोळी होती, आता नव्वद युरो. सवाय झाली."

काल रात्री पुन्हा त्यांचा फोन. तक्त्याची छापील प्रत मी पोस्टाने पाठवली होती, ती त्यांनी पेनने खुणा करून वाचली होती. बेलेंगच्या दिवसाखाली नवऱ्याने लिहिलं होतं: धीमी लोकल, दुपारी कशियश, नंतर कश्काइश, समुद्र. ते त्यांना पसंत होतं. अडलं होतं एकाच ठिकाणी.

"गो," ते म्हणाले, "तिकीट शेवटच्या टेसनापर्यंतचा काढलाव नि आमी मधीच उतरलाव, तर परत चढताना तां चालतला मा?"

मी बघून सांगते म्हटलं आणि लॅपटॉप उघडला.